उपकाराचं ओझं नको, कृतज्ञतेचं बळ हवं



आमच्या वस्तीतल्या विहारात महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदना झाली की मी बीपीचं मशीन घेऊन बसते. हॉस्पिटलची नोकरी सोडून चळवळीत आले, तरी हे काम सोडलेलं नाही. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अशाच एका रविवारी एक मावशी समोर येऊन बसल्या. वय पन्नाशीचं. चार घरची धुणीभांडी करतात. बीपी निघालं १६०/१००. गोळी चालू होती, पण आठवड्यातून दोन-तीनदा राहून जायची.

"सिस्टर, झोपच लागत नाही बघा," मावशी म्हणाल्या. "पाठ टेकली की डोक्यात चक्र सुरू. पोराची फी, पत्र्याची गळती, दिवसभरात कोण काय बोललं ते. एक वाजतो, दोन वाजतात. चारला पाण्याला उठायचं असतं."

त्याच सुमारास मी ताणतणावावरच्या एका शिबिराला जाऊन आले होते. तिथे ऐकलेलं मी उत्साहानं सांगून टाकलं. "मावशी, रोज झोपताना दिवसातल्या तीन चांगल्या गोष्टी आठवा आणि मनातल्या मनात आभार माना. मन शांत होतं."

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आभार? जन्मभर तेच करत आले की बाई! ज्यांच्याकडे भांडी घासते त्या वहिनी रात्रीचं उरलेलं देतात आणि वर म्हणतात, आभार मान, दुसरीकडे हेही मिळायचं नाही. पगार वाढवा म्हटलं की दिवाळीच्या साडीची आठवण काढतात. दिवसभर आभार मानून मानून मान मोडली. आता झोपतानाही मानू?"

रांगेतल्या बायका हसल्या. मला मात्र उत्तर सुचलं नाही. कारण मावशींचं बरोबर होतं, आणि माझ्याही आयुष्यात तेच घडलं होतं.

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी पहिल्या नोकरीला लागले, तेव्हा वॉर्डातल्या एक वरिष्ठ बाई मला वरचेवर ऐकवायच्या, "तुम्हाला संधी मिळाली, जरा जाणीव ठेवा." जाणीव ठेवायची म्हणजे काय, तर सणासुदीची नाईट माझी, दुसरीची रजा माझ्या डोक्यावर. मी गप्प बसून करत राहिले. पण त्याच वॉर्डात एक आयाबाई होत्या. माझ्या पहिल्याच नाईटला त्यांनी मला जड पेशंटला कूस कशी बदलून द्यायची ते शिकवलं, म्हणजे त्याला दुखणार नाही आणि माझी पाठही धरणार नाही. पहाटे तीनला डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. त्याचा कधी उच्चारही केला नाही. वरिष्ठ बाईंची आठवण आली की आजही माझे खांदे ताठ होतात. आयाबाईंची आठवण आली की छाती भरून येते. दोन्हीला आपण 'आभार' हा एकच शब्द वापरतो, पण शरीराला त्यातला फरक बरोबर कळतो.

उपकार वेगळा, कृतज्ञता वेगळी

आपल्या आजे-पणज्यांनी गावकी केली. सांगावा नेला, मेलेली ढोरं ओढली, चावडीवर रात्र रात्र जागले. त्या कष्टाला मजुरी ठरलेली नव्हती. संध्याकाळी दारोदार मिळणाऱ्या भाकरीला मात्र 'दया' म्हटलं गेलं. काम आपलं आणि उपकार त्यांचा! बाबासाहेबांनी ही फसवणूक ओळखली. म्हणून तर १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात बदल करणारं विधेयक मांडलं. हक्काच्या मोबदल्याला भीक म्हणायचं आणि वर आभाराची अपेक्षा करायची, याला कृतज्ञता म्हणत नाहीत. हे ओझं आहे.

मग खरी कृतज्ञता कोणती? आपल्या पालीत त्यासाठी सुंदर शब्द आहे, कतञ्ञुता. 'कत' म्हणजे केलेलं. जो केलेलं जाणतो तो कतञ्ञू. विहारात आपण महामंगल सुत्त म्हणतो, त्यात जी मंगलं सांगितली आहेत त्यांत कतञ्ञुता हे एक आहे. या शब्दात वाकणं कुठेच नाही. आहे ते फक्त जाणणं. माझ्यासाठी कुणी काय केलं, ते डोळे उघडे ठेवून ओळखणं.

आणि ही जाण दोन्ही बाजूंनी लागते. सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी मालक आणि कामकरी यांची एकमेकांप्रती कर्तव्यं सांगितली आहेत. कामकऱ्याला झेपेल एवढंच काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, वेळेवर सुट्टी द्यावी, हे मालकाचं कर्तव्य. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजच्या कित्येक सोसायट्यांमध्ये अजून पोचायचा आहे.

बाबासाहेबांकडे बघा. 'हू वेअर द शूद्राज' हा ग्रंथ त्यांनी महात्मा फुल्यांना अर्पण केला. 'थॉट्स ऑन पाकिस्तान' रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात त्यांनी संविधानाच्या कामाचं श्रेय बी. एन. राव, एस. एन. मुखर्जी आणि इतर सहकाऱ्यांना मोकळ्या मनानं वाटून दिलं. आणि त्याच भाषणात डॅनिएल ओ'कॉनेल या आयरिश देशभक्ताचा दाखला देऊन बजावलं, की थोरांविषयी कृतज्ञ असण्यात काही गैर नाही, पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहे. स्वतःचा मान आणि शील गमावून कुणी कृतज्ञ राहू शकत नाही, तसं देशालाही स्वातंत्र्य देऊन कृतज्ञ राहता येत नाही. म्हणजे ज्या भाषणात त्यांनी आभार मानले, त्याच भाषणात आभाराची हद्दही आखून दिली.

ही हद्द रोजच्या जगण्यात ओळखायला मी तीन प्रश्न वापरते:

१. हे माझ्या कष्टाचं किंवा हक्काचं होतं का? पगार, रेशन, सरकारी दवाखान्यातली गोळी, मुलाची शिष्यवृत्ती हे उपकार नाहीत.

२. आभार मानताना माझी मान ताठ आहे की खाली गेली आहे?

३. उद्या या माणसाला 'नाही' म्हणायची मला मोकळीक आहे का?

या प्रश्नांची उत्तरं अडखळली, तर ती कृतज्ञता नाही. तिथे सौजन्यानं 'थँक्यू' म्हणावं आणि पुढे जावं. रात्रीच्या सरावात तो माणूस घ्यायचं कारण नाही.

मेंदूत काय होतं?

आपला मेंदू संकटावर आधी नजर ठेवतो. दिवसात नऊ माणसं बरी वागली आणि एकानं अपमान केला, तर रात्री आठवतो तो अपमान. यात तुमचा दोष नाही. धोका चटकन ओळखणारे जगले, त्यांचेच आपण वारस. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डाला नावाचा भाग असतो. धोक्याची घंटा वाजवण्यात त्याचा मोठा वाटा. घंटा वाजली की ॲड्रेनालीन, कॉर्टिसोल ही रसायनं रक्तात येतात. छाती धडधडते, बीपी चढतं, साखर वाढते, झोप पळते.

वस्तीत राहणाऱ्या माणसाला ही घंटा वाजायला कारणं खरी आणि भरपूर असतात. झोपडी तोडायची नोटीस, पाण्याचा नंबर, उसनवारी, दारुडा शेजारी. ही कारणं नुसता विचार करून जाणार नाहीत, त्यासाठी संघटनाच लागते. पण रात्री दोन वाजता, जेव्हा काहीच करता येत नाही, तेव्हाही घंटा वाजत राहिली तर शरीर झिजतं. ती तेवढ्यापुरती थांबवणं आपल्या हातात आहे.

अमेरिकेत रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्युलो या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही लोकांना कृतज्ञ वाटण्याजोग्या गोष्टी लिहायला सांगितल्या, काहींना कटकटी. त्यातला एक गट स्नायू आणि मज्जातंतूंच्या आजाराच्या पेशंटचा होता. त्यांनी २१ दिवस रोज लिहिलं. आजार काही गेला नाही, पण कृतज्ञतेचं लिहिणाऱ्यांना झोप जास्त आणि चांगली लागल्याचं त्यांनी सांगितलं.

२०१५ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात झालेला अभ्यास मला आपल्या जास्त जवळचा वाटतो. हिटलरच्या छळातून वाचलेल्या ज्यूंच्या आठवणींवरून संशोधकांनी प्रसंग तयार केले. कुणी लपायला जागा दिली, कुणी भाकर दिली. माणसांना सांगितलं, तुम्ही त्या जागी आहात असं समजा, आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. कृतज्ञता जितकी जास्त वाटली, तितका मेंदूच्या पुढच्या बाजूचा मधला भाग जास्त कामाला लागला. दुसऱ्याच्या मनातलं ओळखणं, बरं-वाईट ठरवणं या कामांत हाच भाग असतो. म्हणजे हातात काय पडलं एवढ्यावर कृतज्ञता थांबत नाही. कुणी, कशासाठी, स्वतःची काय झीज सोसून दिलं, हेही मेंदू तोलत असतो. म्हणूनच वहिनींच्या शिळ्या भाजीनं मावशींच्या मनात काही उजळलं नाही.

एक वर्षानं, २०१६ साली, इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी मनाच्या त्रासासाठी समुपदेशन घेणाऱ्या लोकांकडून कृतज्ञतेची पत्रं लिहून घेतली. पत्र पाठवण्याची सक्ती नव्हती. तीन महिन्यांनंतरही लिहिणाऱ्यांच्या मेंदूत, कृतज्ञतेच्या प्रसंगी, याच पुढच्या भागात वेगळा प्रतिसाद दिसला. सरावानं मेंदूच्या वाटा रुळतात. शेतातून रोज चाललं की पायवाट पडते, तसंच हे.

पण खरं तेही सांगते. पुढे असे पुष्कळ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा उदासी आणि काळजीवर या सरावाचा परिणाम लहानच दिसला. हा चमत्कार नाही. रोजच्या चालण्यासारखी ही एक चांगली सवय आहे, आणि तिला पैसे पडत नाहीत.

श्वास आपलाच आहे

योग म्हटलं की आपल्यातले काही जण नाक मुरडतात. त्यामागची कारणं मला ठाऊक आहेत. पण श्वासावर लक्ष ठेवून बसणं ही आनापानसती भगवंतांनीच शिकवली, मज्झिम निकायात त्यावर स्वतंत्र सुत्त आहे. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या आपल्या चार भावना पतंजलीच्या योगसूत्रातही आहेत. नाव काहीही द्या, फुप्फुसं सगळ्यांची सारखीच चालतात.

साधारणपणे आपण मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो. तो सहाच्या आसपास आणला की हृदयाला 'सबुरी' सांगणारी व्हेगस नावाची मज्जातंतू नीट काम करू लागते आणि छातीची धडधड उतरते. २००१ साली इटलीत झालेल्या एका अभ्यासात काही लोकांनी ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना म्हटली आणि एक तिबेटी बौद्ध मंत्रही म्हटला. दोन्ही वेळी श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला. मंत्रात जादू नव्हती, संथ लयीनं म्हणण्यात गुण होता. म्हणून आपणही वंदना घाईघाईनं उरकू नये. एकेक ओळ सावकाश, पूर्ण श्वासावर म्हणावी.

सराव असा करा

एकूण दहा मिनिटं लागतात.

बैठक: भिंतीला पाठ टेकून, खुर्चीवर किंवा अंथरुणावर बसा. गुडघे दुखत असतील तर मांडीचा हट्ट नको. बसवत नसेल तर आडवं होऊनही चालेल.

श्वास (पाच मिनिटं): मनात चार आकडे मोजत नाकानं श्वास आत घ्या, सहा आकडे मोजत सोडा. मध्ये रोखून धरू नका. दमा असेल किंवा चक्कर आल्यासारखं वाटलं तर मोजणं सोडा आणि नेहमीच्या श्वासाकडे नुसतं लक्ष द्या.

एक माणूस, एक कृती (दोन मिनिटं): 'सगळ्यांचे आभार' असं मोघम नको. एकच माणूस घ्या आणि त्यानं केलेली एकच गोष्ट. त्याचा चेहरा, हात, तो दिवस आठवा. त्यासाठी त्यानं काय सोसलं ते आठवा. बाळंतपणात रात्रभर जागलेली शेजारीण, शाळेची फी भरायला बोरमाळ मोडणारी आई, फॉर्म भरून देणारा वस्तीतला मुलगा. माणूस हयात नसला तरी चालेल.

मैत्री (दोन मिनिटं): 'मी सुखी असो' इथून सुरुवात करा. स्वतःला वगळू नका, आपल्या बायका नेमकं तेच करतात. मग त्या माणसाला, मग घरच्यांना, मग वस्तीला. ज्यानं मारहाण केली, अपमान केला, त्याच्यापर्यंत पोचलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

नोंद (एक मिनिट): आठवड्यातून एक-दोनदा वहीत एक ओळ लिहा. रोज लिहिलं की त्याची पाटी होते, मन त्यात राहत नाही. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा, तो लिहील. त्या निमित्तानं त्यालाही घरचा इतिहास कळेल.

दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही चालू, पोरं भांडतायत, तिथे कसली शांतता, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. मग पाण्याच्या रांगेत करा, लोकलमध्ये करा, भांडी घासताना करा. डोळे मिटलेच पाहिजेत असं नाही.

पालीत कतञ्ञूच्या जोडीला आणखी एक शब्द येतो, कतवेदी. केलेलं जाणायचं आणि ते जाणवूनही द्यायचं. शक्य असेल तेव्हा त्या माणसाला जाऊन सांगा. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर पुष्कळ जण हारफुलांऐवजी वही आणि पेन घेऊन जातात. ते बाबासाहेबांना कतवेदी होणंच आहे. मिळालेलं पुढच्या पिढीच्या हातात द्यायचं.

हे औषधाऐवजी नाही

बीपी, शुगर, थायरॉईडची गोळी या सरावासाठी एक दिवसही बंद करायची नाही.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास आहे, भूक-झोप गेली आहे, कशातच रस वाटत नाही, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. सरकारी दवाखान्यात दाखवा, किंवा १४४१६ या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा. जीव द्यावासा वाटत असेल तर एक तासही थांबू नका. घरातल्या माणसाला सांगा, त्या व्यक्तीला एकटं सोडू नका.

घरात मारहाण होत असेल तर 'तरी बरं, नवरा कमावून तरी आणतो' असं म्हणून कृतज्ञ राहू नका. १८१ ही महिलांची हेल्पलाईन आहे. ज्याचं घर नुकतंच दुःखात बुडालं आहे, त्याला 'चांगलं बघ' असं शिकवायला जाऊ नका. त्याच्याजवळ नुसतं बसा.

आता मावशींचं सांगते. पुढच्या महिन्यात मी त्यांची माफी मागितली आणि आयाबाईंची गोष्ट सांगितली. विचारलं, "मावशी, तुमच्या आयुष्यात असं कोण? ज्यानं केलं आणि मोजून दाखवलं नाही?" मावशी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आहे एक. मालक हॉस्पिटलात होते, मी तिथेच. सोळा दिवस पोरं शेजारच्या काकूकडे जेवली. तिची स्वतःची चार होती. तिला मी कधी बोललेच नाही." बोलता बोलता डोळ्याला पदर लावला. काकू आता मुलाकडे दुसऱ्या वस्तीत राहतात. मावशी भाकरी-ठेचा बांधून घेऊन भेटून आल्या.

तेव्हापासून पाण्याला उठायच्या आधी त्या अंथरुणातच पाच मिनिटं श्वास मोजतात. रात्रीही, जमेल तेव्हा. गोळीची पट्टी मी त्यांना चहाच्या डब्यावर ठेवायला लावली, त्यामुळे तीही चुकत नाही. दिवाळीनंतर बीपी १३८/८६ निघालं. गोळीमुळे की श्वासामुळे, हे मी छातीठोक सांगणार नाही. गोळीचा वाटा मोठाच असणार. झोप अजून पुरती आलेली नाही. पण दोन वाजण्याऐवजी बारा वाजतात, एवढा फरक आहे.

त्या चार घरांचंही सांगायला हवं. मावशी आणि त्यांच्या जोडीच्या तिघी मिळून आठवड्याची सुट्टी आणि पगारवाढ मागायला गेल्या. दोन घरांनी मान्य केलं, एकीनं 'बघू' म्हटलं, साडीवाल्या वहिनींनी काम सोडायला सांगितलं. मावशींनी सोडलं. महिनाभर ओढाताण झाली, मग दुसरं घर मिळालं.

"नव्या ठिकाणी पगार हातात आला की मी थँक्यू म्हणते," परवा मावशी सांगत होत्या. "आणि काम झालं की त्याही म्हणतात."

या महिन्यात विहारात वंदनेनंतर एवढं करून बघा. प्रत्येकानं एक नाव घ्यायचं आणि त्या माणसानं काय केलं ते एका वाक्यात सांगायचं. सुरुवात सगळ्यात वयस्कर आजीपासून करा. लहान मुलांना पुढे बसवा.

जय भीम!